पिएर क्युरी : नेब्युलायझरमधलं औषध वाचवणाऱ्या स्फटिकाची गोष्ट

हिवाळ्यातली रात्र. केळापूर तालुक्यातलं एखादं गाव. वेचलेला कापूस घरात येऊन पडलाय, चुलीचा धूर अजून छपराखाली रेंगाळतोय आणि घरातल्या लहानग्याला धाप लागलीय. छातीतली घरघर दारापर्यंत ऐकू येतेय. मग बाप मोटरसायकल काढतो, आई पोराला शालीत गुंडाळून मागे बसते आणि दोघं पांढरकवड्याचा दवाखाना गाठतात. सिस्टर पोराच्या तोंडाला मास्क लावते, मशीन घर्रर्र करत सुरू होतं आणि मास्कमधून पांढरी वाफ यायला लागते. दहा-पंधरा मिनिटांत श्वास मोकळा होतो.

आपण याला ‘वाफ देणं’ म्हणतो, पण ती वाफ नसतेच. ते असतं औषधाचं धुकं, म्हणजे हवेत तरंगणारे औषधाचे अतिशय बारीक थेंब. आणि त्या धुक्याबद्दलची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते : नेहमीच्या नेब्युलायझरमध्ये टाकलेल्या औषधातलं साधारण दहा टक्केच फुप्फुसात पोहोचतं. बाकीचं कपात उरतं, घशात चिकटतं किंवा खोलीतल्या हवेत उडून जातं.

ही नासाडी बऱ्यापैकी कमी करणारं मशीन आता मिळतं. ते तळहातावर मावतं, आवाज करत नाही आणि लाईट गेली तरी बॅटरीवर चालतं. त्याच्या पोटात एक छोटी कडी असते. वीज दिली की ती थरथरते. ही थरथर जगाला कळली 1880 मध्ये, पॅरिसमधल्या दोन भावांमुळे. त्यातला धाकटा म्हणजे पिएर क्युरी. बहुतेकांना तो मादाम क्युरींचा नवरा म्हणून माहीत असतो. आज त्याचीच गोष्ट पाहूया.

शाळेत न गेलेला मुलगा

पिएरचा जन्म 15 मे 1859 चा, पॅरिसचा. वडील युजीन क्युरी डॉक्टर होते. पिएर एका गोष्टीत गढला की त्याला दुसरं काही सुचायचं नाही. तास संपला, आता पुढचं पुस्तक काढा, हे त्याच्या डोक्याला जमणारं नव्हतं. वडिलांनी ते ओळखलं आणि त्याला शाळेत घातलंच नाही. आई, वडील आणि थोरला भाऊ जाक यांनी त्याला घरीच शिकवलं, पुढे एक शिक्षक ठेवले. सुट्टीत दोघं भाऊ रानात भटकायचे, झाडंझुडपं आणि दगड गोळा करायचे.

गणितात पोरगा तेज निघाला. अठराव्या वर्षी विज्ञानाची पदवी घेतली. पण पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते, म्हणून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी धरली. जाकही तिथेच, खनिजांच्या प्रयोगशाळेत होता. दोघांना स्फटिकांचं वेड लागलं.

खडा दाबला आणि वीज आली

टुर्मलीन नावाचा एक स्फटिक असतो. तो तापवला की राखेचे कण ओढून घेतो, हे लोकांना आधीपासून माहीत होतं. तापवल्यावर त्याच्या टोकांवर विजेचा भार येतो, म्हणून असं होतं. भावांनी विचार केला : तापवल्यावर स्फटिक थोडा प्रसरण पावतो, म्हणजे त्याच्या आतली रचना ताणली जाते. मग आपण तो तापवायच्या ऐवजी नुसता दाबला तर?

त्यांनी स्फटिक ठरावीक दिशेने कापले, दोन्ही बाजूंना टिनचा पातळ पत्रा लावला आणि वरून दाब दिला. वीज आली! अगदी थोडी, पण आली. दाब जितका जास्त, तितकी वीज जास्त. मग त्यांनी क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी तपासली. पुष्कराज तपासला. उसाच्या साखरेचे खडेसुद्धा तपासले. सगळ्यांत तोच गुण निघाला. तेव्हा, 1880 मध्ये, पिएर 21 वर्षांचा होता आणि जाक 24 चा.

या गुणाला पुढे ‘पिएझोइलेक्ट्रिसिटी’ नाव पडलं. ग्रीक भाषेत ‘पिएझो’चा संबंध दाबण्याशी आहे. कारण समजायला सोपं आहे. अशा स्फटिकात धन आणि ऋण भार असलेले कण एका खास, असमतोल मांडणीत बसलेले असतात. मोकळा असताना त्यांचा हिशेब बरोबर जुळतो. दाबला की कण थोडे सरकतात, हिशेब बिघडतो आणि एका बाजूला धन तर दुसऱ्या बाजूला ऋण भार दिसायला लागतो.

पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन या शास्त्रज्ञाने गणित मांडलं की याच्या उलटही व्हायला हवं, म्हणजे वीज दिली तर स्फटिकाने आकार बदलायला हवा. क्युरी बंधूंनी लगेच प्रयोग केला. तसंच झालं! स्फटिक किंचित हलला. ही हालचाल इतकी कमी होती की डोळ्यांनी दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी ती युक्तीने मोजली.

‘वीज दिली की हलतो’ ही अर्धी ओळ लक्षात ठेवा. नेब्युलायझरची सगळी गंमत तिच्यात आहे.

कमी पगार, गळकं छप्पर

1883 मध्ये जाकला माँपेलिएला नोकरी लागली आणि जोडी फुटली. पिएर पॅरिसमध्येच राहिला. शहराने नुकत्याच काढलेल्या औद्योगिक भौतिकी आणि रसायनशास्त्राच्या शाळेत तो प्रयोगशाळा सांभाळायचा. पगार बेताचा, कारखान्यातल्या कामगारासारखा. स्वतःची धड प्रयोगशाळा नाही, त्यामुळे व्हरांड्यात जागा मिळेल तिथे प्रयोग. या संस्थेत त्याने 20 पेक्षा जास्त वर्षं काढली.

मोठ्या पदासाठी ओळखी काढणं, अर्ज घेऊन दारोदार फिरणं त्याला जमायचं नाही. पण काम थांबलं नाही. स्फटिकांच्या सममितीवर त्याने मूलभूत नियम मांडला. लोहचुंबक ठरावीक तापमानाच्या वर गेला की त्याचं चुंबकत्व जातं, हे त्याने बारकाईने मोजलं. त्या तापमानाला आजही ‘क्युरी बिंदू’ म्हणतात. हाच अभ्यास मांडून 1895 मध्ये, वयाच्या 35 व्या वर्षी, त्याने डॉक्टरेट घेतली.

त्याच वर्षी 26 जुलैला त्याचं लग्न झालं. पोलंडहून शिकायला आलेली मारिया स्क्लोदोव्स्का प्रयोगासाठी जागा शोधत होती, त्यातून ओळख झाली होती. लग्नात ना थाट ना मानपान. मिळालेल्या पैशांतून दोघांनी दोन सायकली घेतल्या आणि फ्रान्सच्या खेड्यांतून फिरायला निघाले.

गारगोटीच्या पट्टीने रेडियम शोधलं

आता त्या स्फटिकाकडे परत येऊ. क्युरी बंधूंनी त्यापासून एक उपकरण बनवलं होतं. क्वार्ट्झची पातळ लांब पट्टी टांगायची, खाली वजन लावायचं. वजन माहीत असलं की पट्टीतून किती वीज येणार हेही माहीत. म्हणजे हा विजेचा तराजूच झाला. समोरून अज्ञात वीज येत असेल तर पट्टीच्या ज्ञात विजेने ती बरोबर शून्य करायची आणि किती वेळ लागला ते घड्याळावर पाहायचं. इतकी अल्प वीज मोजणारं याच्याइतकं भरवशाचं साधन तेव्हा दुसरं नव्हतं.

1897 च्या अखेरीस मेरीने युरेनियममधून निघणाऱ्या किरणांचा अभ्यास हातात घेतला, तेव्हा पिएरचं हेच उपकरण वापरलं. मोजता मोजता तिला दिसलं की पिचब्लेंड नावाचं खनिज त्यातल्या युरेनियमच्या मानाने फारच जास्त किरण सोडतंय. म्हणजे आत आणखी काही तरी आहे. पिएरने स्वतःचं स्फटिकांचं काम बाजूला ठेवलं आणि तो तिच्या शोधात उतरला. 1898 च्या जुलैमध्ये पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियम जाहीर झालं.

पुढची चार वर्षं एका पडक्या शेडमध्ये गेली. छप्पर गळकं, उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फ. टनांनी खनिज उकळून, गाळून 1902 मध्ये हाती आलं एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड. 1903 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल पिएर, मेरी आणि हेन्री बेकरेल यांना मिळालं. सुरुवातीला मेरीचं नाव त्यात नव्हतं. पिएरला ते कळल्यावर त्याने पत्र लिहून तिचं नाव घ्यायला लावलं. फ्रान्स सरकारचा लिजन ऑफ ऑनर हा सन्मान मात्र त्याने नाकारला. त्याला हवी होती ती प्रयोगशाळा.

रेडियम शुद्ध करायच्या पद्धतीचं पेटंटही दोघांनी घेतलं नाही. कृती सगळ्यांना मोफत खुली केली. रेडियमचे भाव तेव्हा आकाशाला भिडणार होते, घर बसल्या श्रीमंत होता आलं असतं. ते राहिले कर्जात नाहीत, पण ओढाताणीतच.

श्वासातून जाणारं विष

पिएरच्या आयुष्यातला एक भाग आपल्या विषयाला अगदी खेटून आहे. रेडियममधून एक वायू निघतो, आज आपण त्याला रेडॉन म्हणतो. 1904 मध्ये पिएरने दोन डॉक्टरांबरोबर प्रयोग केले. उंदीर आणि गिनीपिग यांना तो वायू मिसळलेल्या हवेत ठेवलं. प्राणी काही तासांत मेले आणि त्यांच्या फुप्फुसांना इजा झालेली दिसली. तोच वायू पिएर आणि मेरी वर्षानुवर्षं त्या शेडमध्ये घेत होते. पिएरची बोटं सोलली होती, पाय दुखायचे, रात्री झोप लागायची नाही. दुखणं नेमकं कशाचं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

श्वासातून गेलेली गोष्ट किती वेगाने आणि किती खोल जाते, हे यवतमाळ जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. डोक्याइतकी उंच कपाशी, अंगावर आणि तोंडावर येणारा फवारा, नाकाला फार तर रुमाल. विष श्वासातून गेलं, कातडीतूनही गेलं.

फवारणीचा पंप आणि नेब्युलायझर हे तसे चुलतभाऊ आहेत. दोघांचं काम एकच, द्रवाचे थेंब करणं. फरक पडतो थेंबाच्या आकाराने. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाच मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब बहुतेक तोंडात आणि घशातच आपटतात. एक ते पाच मायक्रॉनचे फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत जातात. त्याहून बारीक थेंब बरेचसे उच्छ्वासाबरोबर परत बाहेर पडतात. त्यात आणखी एक गणित आहे : थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्यात आठपट औषध मावतं. म्हणजे थोडेसेच मोठे थेंब घशात अडकले, तरी औषधाचा मोठा वाटा तिथेच संपतो.

जुनं मशीन कुठे कमी पडतं

घर्रर्र करणाऱ्या मशीनला जेट नेब्युलायझर म्हणतात. कॉम्प्रेसर हवा जोरात एका बारीक छिद्रातून सोडतो. तिथे दाब कमी होतो, त्यामुळे कपातलं औषध वर ओढलं जातं आणि हवेच्या झोताने त्याचे तुकडे होतात. मोठे थेंब समोरच्या अडथळ्यावर आपटून परत कपात पडतात, बारीक थेंब मास्ककडे जातात.

मशीन साधं, टिकाऊ, स्वस्त. पण औषधाच्या 2.5 मिलिलिटरच्या कुपीतलं एक मिलिलिटरच्या आसपास कपातच चिकटून राहतं. दुसरं म्हणजे मशीन सतत फुंकत असतं. पेशंट श्वास बाहेर सोडत असतो, तेव्हाचं धुकं हवेत जातं. आणि कॉम्प्रेसरला वीज लागते. लाईट गेली की उपचार थांबले.

स्फटिक परत येतो

पिएरच्या हयातीत पिएझोइलेक्ट्रिसिटीचा मोजमापापलीकडे फारसा उपयोग झाला नाही. 19 एप्रिल 1906, पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. रस्ता ओलांडताना पिएर एका घोडागाडीखाली आला. लष्करी गणवेशांनी भरलेल्या त्या अवजड गाडीचं चाक डोक्यावरून गेलं आणि तो जागीच गेला. वय फक्त 46. घरी दोन मुली होत्या, एक आठ वर्षांची आणि दुसरी दीड वर्षाचीही नव्हती. विद्यापीठातली त्याची जागा मेरीला मिळाली आणि तिथे शिकवणारी ती पहिली बाई ठरली.

स्फटिकाचं काम पुढे नेलं त्याच्या विद्यार्थ्याने. पॉल लांजव्हँ पिएरच्या हाताखाली शिकला होता. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. 1917 मध्ये लांजव्हँने क्वार्ट्झचे तुकडे दोन पोलादी पत्र्यांमध्ये बसवले आणि वीज देऊन ते थरथरवले. कानाला न ऐकू येणारा आवाज, म्हणजे अल्ट्रासाउंड, पाण्यात घुमला आणि पाणबुडीवर आपटून परत आला.

दहा वर्षांनी, 1927 मध्ये, अमेरिकेत रॉबर्ट वुड आणि आल्फ्रेड लूमिस यांनी तेलात बुडवलेला क्वार्ट्झ जोरदार विजेने थरथरवला. तेलाच्या पृष्ठभागावर कारंजं उठलं आणि त्यातून बारीक थेंब उडाले. वीज दिली, स्फटिक हलला आणि द्रवाचं धुकं झालं! पुढे याच तत्त्वावर अल्ट्रासोनिक नेब्युलायझर दवाखान्यांत आले. आवाज नाही, धुकं भरपूर. पण औषध गरम व्हायचं आणि बुडेसोनाइडसारखी, कण तरंगणारी औषधं त्यातून नीट निघायची नाहीत.

1990 च्या दशकापासून मेश नेब्युलायझर पुढे आलं. त्यात धातूची पातळ जाळी असते आणि तिला लेसरने किंवा तशाच अचूक पद्धतीने हजार किंवा त्याहून जास्त सूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात. जाळीभोवती पिएझो कडी. आता क्वार्ट्झऐवजी खास सिरॅमिक वापरतात, पण गुण तोच. वीज मिळाली की कडी सेकंदाला एक लाखाहून जास्त वेळा थरथरते. प्रत्येक थरथरीला जाळी औषधाला टेकते आणि छिद्रांतून जवळजवळ एकाच मापाचे थेंब पलीकडे ढकलले जातात. थेंबाचं माप छिद्राने ठरतं, नशिबाने नाही. औषध फारसं तापत नाही, कपात थोडंच उरतं आणि काम लवकर आटपतं. काही मशीन तर फक्त श्वास आत घेताना धुकं सोडतात, मग हवेत जाणारा वाटाही वाचतो.

तोटेही ऐकून ठेवा. जाळीची छिद्रं औषध सुकून बुजतात, रोज धुतलं नाही तर मशीन लवकर कुचकामी होतं. चांगल्या प्रतीचं मेश मशीन जेटपेक्षा बरंच महाग पडतं. आणि थेंब बारीक झाल्याने फुप्फुसात जास्त औषध जातं, त्यामुळे मशीन बदललं की डोस तोच ठेवायचा का, हे डॉक्टरांनाच विचारायचं.

घरी काय करता येईल

मशीन कोणतंही असो, औषध वाचवणं बरंचसं आपल्या हातात आहे.

मास्क चेहऱ्याला घट्ट बसवा. तो बोटभर जरी लांब धरला, तरी पोहोचणारं औषध खूप कमी होतं. मोठ्या मुलांना आणि माणसांना जमत असेल तर मास्कऐवजी तोंडात धरायची नळी वापरा, म्हणजे नाकात औषध अडकणार नाही.

मूल जोरात रडत असेल तर आधी त्याला शांत करा. रडताना औषध फुप्फुसात फारच कमी जातं. मांडीवर ताठ बसवा, झोपवून देऊ नका. श्वास सावकाश घ्यायला सांगा.

जेटच्या कपात धुकं फुटक-फुटक यायला लागलं की कपावर टिचकी मारा, भिंतीला चिकटलेले थेंब खाली येतात. वापर झाल्यावर कप आणि मास्क धुऊन पूर्ण सुकवा.

आणि डॉक्टरांना हेही विचारा की स्पेसर लावलेला साधा पंप चालेल का. दम्याच्या बऱ्याच पेशंटना, अगदी लहान मुलांनाही, स्पेसर आणि पंपाने नेब्युलायझरइतकाच आराम पडतो. त्याला वीज लागत नाही आणि तो खिशात मावतो. पण ओठ निळे पडले, बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा मुलाला बोलताही येत नसेल, तर घरी थांबू नका. थेट दवाखाना.

तुमच्या खिशातला क्युरी

हा लेख तुम्ही ज्या फोनवर वाचताय, त्याच्या आतही पिएर आहे. फोनचं घड्याळ चालतं क्वार्ट्झच्या इवल्याशा तुकड्याच्या थरथरीवर. टॉवरकडून येणाऱ्या गर्दीतून नेमका आपला सिग्नल वेगळा काढणारे फिल्टर पिएझोवर चालतात. काही फोनमध्ये स्क्रीनखालून बोटाचा ठसा ओळखणारा अल्ट्रासोनिक सेन्सरही याच गुणावर.

दोन भावांनी खडा दाबला, तेव्हा त्यांना फोन माहीत नव्हता, पाणबुडी शोधायची नव्हती आणि दम्याचं मशीनही बनवायचं नव्हतं. त्यांना फक्त इतकी लहान गोष्ट मोजायची होती, जी आधी कोणी मोजली नव्हती. मोजल्यावर ती त्यांनी लपवून ठेवली नाही. आता ती हालचाल केळापुरातल्या एखाद्या घरात, लाईट गेलेली असताना, पोराच्या तोंडासमोर आवाज न करता धुकं बनवू शकते. मशीन तिथपर्यंत पोहोचवणं आणि ते परवडेल असं करणं, हे काम अजून बाकी आहे.